खेळण्यातली गाडी म्हणू नका

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "बेळगावचे तुम्ही, तुमच्याकडं मीटरगेज. मग त्या बार्शी लाइटच्या खेळण्यातल्या गाडीचं एवढं वेड कशाला?"

मीटरगेज आमची, खरंय. पण पंढरीला जायचं तर मिरजेला गाडी बदलायची. तेव्हा मिरजेत तीन मापांचे रूळ होते, म्हणजे दोन रुळांतलं अंतर तीन तऱ्हांचं: पुणे-कोल्हापूरची सगळ्यात रुंद ब्रॉडगेज, आमची मधली मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीची सगळ्यात अरुंद बार्शी लाइट. मी चौथीत असताना आषाढीला निघालो होतो. रूळ ओलांडताना आजोबा मध्येच थांबले आणि हातातली छत्री त्यांनी रुळांवर आडवी ठेवली. छोट्या गाडीच्या रुळांवर ती ऐटीत बसली, दोन्हीकडं थोडी उरलीसुद्धा. आमच्या रुळांत मात्र सरळ खाली पडली. आज्जी ओरडली, "गाडी चुकंल की ओ!"

तर ते खेळणं नव्हतं. बार्शी कापसाची पेठ, पण मुंबईची मोठी लाइन तिला बाजूला टाकून कुर्डुवाडीवरून गेलेली. मधलं अंतर बैलगाड्यांवर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं तिथं 1897 साली अडीच फुटी लाइन सुरू केली. त्याची खरी हुशारी रुंदीत नव्हती, वजनाच्या वाटणीत होती. इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर) 5 टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. इंजिन जड हवं? मग चाकं वाढवा. त्यामुळं हलका, स्वस्त रूळ पुरला आणि त्याची ताकद पुरेपूर वापरली गेली. (याच गृहस्थानं पुढं वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं. डोकं स्वस्थ बसणारं नव्हतं.) ही लाइन 1927 साली मिरजेला पोचली.

लष्कराला अशी लाइन आवडायची, कारण ती पटकन टाकता येते. फ्रान्समध्ये देकोवील कारखान्याचे तयार जोडलेले रूळ आधी शेतांत अन् कारखान्यांत आले, मग तोफखान्यानं उचलले. पहिल्या महायुद्धात खंदकांपर्यंत दारूगोळा नेणारे रूळ होते 60 सेंटिमीटरचे. त्यावरची काही अमेरिकन बाल्डविन इंजिनं युद्ध संपल्यावर आपल्याकडच्या साखर कारखान्यांत ऊस ओढायला आली. आणि आज लोक फोटो काढतात ती कालका-शिमला? ती आधी दोन फुटी ठरली होती. युद्धखात्यानं हट्ट धरला म्हणून 1901 साली माप अडीच फूट झालं. लढाईच्या वेळी एका लाइनचे डबे दुसरीवर चालायला नकोत का? घोळ केला तो माथेराननं. दोन फुटी, 1907 ची, हवा खायला जाणाऱ्यांसाठी. ती बघून सगळ्याच छोट्या गाड्या लोकांना सहलीच्या वाटतात.

दुखणं एकच. माप बदललं की माल उतरवा, परत चढवा. एकाच पोत्याला हमालांचे दोनदा हात. ट्रक आले आणि ते परवडेनासं झालं. मिरज-पंढरपूर आता ब्रॉडगेज आहे, आणि बेळगावची आमची मीटरगेजही गेली.

आजोबांची छत्री आहे माझ्याकडं, कापड तीनदा बदललेली. परवा टेप लावून बघितला: 34 इंच. बार्शी लाइटचे 30, मीटरगेजचे 39 आणि वर थोडं.