कुळागरातली खोटी पायरी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका व्हाळाचा (ओढ्याचा) लांबछेद, म्हणजे उगमाकडून खाली पात्राची उंची कशी घटते त्याचा आलेख, संगणकावर काढला, तेव्हा त्यात दोन पायऱ्या, म्हणजे पात्र एकदम खाली उतरतं अशा जागा, ठळक दिसल्या; एक साधारण 60 मीटर उंचीवर, दुसरी 120 च्या आसपास. जमीन उचलली गेली की नदी पात्र खोदू लागते आणि अशी पायरी उगमाकडे सरकत जाते. म्हणून भूहालचालींचा माग काढताना नजर आधी तिथेच जाते. आम्ही दोन्ही जागा पायी जाऊन पाहिल्या.

उंचीची माहिती एसआरटीएमची, म्हणजे अंतराळातून रडारने केलेल्या मोजणीची, 30 मीटरच्या चौकटींची. ती यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या 43 उत्तर पट्ट्यात आणली आणि किमान पाणलोट 1 चौरस किलोमीटर धरला, म्हणजे सुमारे 1,100 चौकटी. त्याहून लहान पाणलोट असलेले वरचे उतार बहुधा दरडी घडवतात. खालचा भरती-ओहोटीचा भागही कापावाच लागतो. मांडवी-जुवारी नद्यांत भरतीचं पाणी बरंच आत चढतं. तिथे उतार शून्याला टेकतो आणि उतार-पाणलोटाच्या आलेखाला लागणारा लॉगॅरिदम शून्याचा निघत नाही.

मग पायरी आकड्यात पकडायला भूशास्त्रज्ञ हॅक यांचा 1973 चा उतार-लांबी निर्देशांक. टप्प्यातली उंचीची घट भागिले टप्प्याची लांबी, गुणिले पाणलोटाच्या माथ्यापासून टप्प्याच्या मध्यापर्यंतचं अंतर. 6,000 मीटर अंतरावर 500 मीटरमध्ये 20 मीटर घट असेल, तर निर्देशांक 240. टप्पा 20 मीटरच्या घटीवर घ्यावा. एसआरटीएम उंची पूर्ण मीटरमध्ये देतं, त्यामुळे चौकटीगणिक उतार काढला तर अख्खा व्हाळच पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो.

खालच्या पायरीच्या जागी पोहोचलो तर समोर कुळागर, म्हणजे पोफळीची बाग. दोन्ही काठांवर दाट पोफळी, मधे पाच-सहा मीटर रुंद पात्र आणि संथ पाणी. हँड लेव्हलने मोजलं, तर 200 मीटरमध्ये 2 मीटरही उतार भरेना. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी 2000 मधली, रडारने केलेली. दाट झाडीत ते रडार जमिनीपर्यंत नीट पोहोचत नाही. एवढ्याशा पात्रापेक्षा चौकटीत बागच जास्त, म्हणून उंची नोंदली गेली ती पोफळींच्या शेंड्यांजवळची. संगणकाला वाटेत बांध दिसला. खळगे भरण्याची आज्ञा दिली की तो बांधामागचं पात्र बांधाइतकं वर उचलतो: मागे सपाटी, आणि बाग संपते तिथे एकदम उडी. भरण्याऐवजी वाट कोरून काढणारी पद्धत वापरली आणि ती पायरी नाहीशी झाली. डिचोली-सत्तरीत खाणींचे खड्डे आणि टाकाऊ मातीचे ढीग असाच घोळ घालतात. मोठा ढीग तर पाणलोटाची रेषाच हलवतो.

वरची पायरी मात्र खरी होती. पाणी सुमारे 9 मीटर खाली कोसळत होतं. माथ्यावर लोहयुक्त क्वार्ट्झाइट या कठीण खडकाचे तांबडे-काळे पट्टे, पायथ्याला नखाने खरवडावा असा मऊ खडक, फायलाइट. खडकाचा कठीणपणा मोजणाऱ्या श्मिट हातोड्याचे आकडे वर पन्नाशीत, खाली विशीत. फायलाइटवर कुठे कुठे हातोडा टेकताच खडक चुरत होता. असं वाचन टाकून द्यायचं. हे थर वायव्य-आग्नेय दिशेने जातात. तो पट्टा नकाशावर पुढे नेला, तर शेजारच्या व्हाळांच्या पायऱ्याही त्यावरच बसल्या, पण वेगवेगळ्या उंचीवर. सगळा प्रदेश सारखा उचलला गेला असता आणि खडकही एकच असता, तर त्या साधारण एकाच उंचीवर सापडल्या असत्या. अर्थात भ्रंश, म्हणजे जिच्या बाजूने खडक सरकले ती भेगसुद्धा पायऱ्या रेषेतच मांडते. म्हणून पायरीच्या वर आणि खाली खडक तोच आहे का, हे पाहायचं. इथे तो प्रत्येक व्हाळात बदलत होता आणि थर सरकल्याची खूण कुठेच नव्हती. तक्त्यात ‘खडकबदल’ अशी नोंद केली.

राहिली पाणलोटाची असममितता: प्रवाहाच्या उजव्या बाजूचं क्षेत्र भागिले एकूण क्षेत्र, गुणिले 100. आकडा 50 पासून दूर गेला की भूभाग कलल्याचं लगेच लिहून टाकलं जातं. पण कललेल्या थरांवर व्हाळ खोदता खोदता थरांच्या उताराकडे आपसूक घसरतो. त्यामुळे दोन्ही काठांवर थरांचा कल ब्रंटन होकायंत्राने मोजल्याशिवाय मी तो आकडा अहवालात घेत नाही.