‘शेजारचे काका चालायला लागले, मग आमची आई का नाही?’

लकव्यातून उठताना बायका पुरुषांच्या मागे का राहतात, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लकवा झालेल्या माणसांच्या घरी जाऊन फिजिओथेरपी करण्यात माझी अठरा वर्षं गेली, आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या तरी ओसरीवर हा प्रश्न येतोच. बहुतेक वेळा मुलगी विचारते. “मॅडम, शेजारच्या काकांनाही लकव्याचा झटका आला होता. तीन महिन्यांत ते चालत देवळात गेले. आमची आई अजून पलंगावरच आहे. बायकांना ते गुठळीचं इंजेक्शन लागू पडत नाही का?”

लागू पडतं. आणि हे आधी ठासून सांगायला हवं, कारण ‘बाईमाणसाला एवढा खर्च करून काय उपयोग’ हे वाक्यही मी त्याच ओसऱ्यांवर ऐकलेलं आहे.

मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन अमेरिकेतल्या १९९५ च्या चाचणीनंतर वापरात आलं. पुढे २००५ मध्ये अशा काही चाचण्यांमधले रुग्ण एकत्र करून स्त्री-पुरुष वेगळे तपासले. ज्यांना औषध मिळालं नव्हतं, त्यांच्यात बायका पुरुषांच्या मागे राहिल्या होत्या. ज्यांना मिळालं, त्यांच्यात हा फरक उरला नव्हता. म्हणजे औषधाने बायकांना उलट थोडं जास्तच दिलं. जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढतात, त्या उपचाराच्या पाच मोठ्या चाचण्या २०१५ च्या आसपास प्रसिद्ध झाल्या. त्यांतले १,२८७ रुग्ण एकत्र मोजले, तेव्हाही फायदा दोघांना सारखाच दिसला.

तरी आई मागे राहते. माझ्या मते ती बरीचशी दवाखान्याच्या दारात पोहोचण्याआधीच मागे पडलेली असते.

ते इंजेक्शन साधारणपणे झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. म्हणून डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, “शेवटचं धडधाकट कधी पाहिलं होतं?” काकांच्या बाबतीत उत्तर तयार असतं. चहाचा कप हातातून निसटला, तेव्हा काकू समोर उभ्या होत्या. आईचं काय? ती पाचला उठते, तेव्हा घर झोपलेलं असतं. चुलीपाशी हात जड झाला तर ती म्हणते, रात्री कुशीवर झोपले होते. जीभ अडखळली तर पित्त. जरा पडते म्हणते, आणि दुपारी सून डबा घेऊन परत येते तेव्हा तोंड वाकडं झालेलं दिसतं. कोणाला वेळ सांगता येत नाही. मग घड्याळ आदल्या रात्रीपासून मोजावं लागतं आणि इंजेक्शनची वेळ बहुधा टळलेली असते. विधवा, एकटी राहणारी बाई असेल तर विचारायलाच नको. बायका जास्त जगतात, त्यामुळे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांत त्याच जास्त असतात.

दवाखान्यात पोहोचल्यावरही चूक होते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत (२०१४) दिसलं, की इमर्जन्सीत आलेल्या बाईचा झटका ओळखायचा राहून जाण्याची शक्यता पुरुषापेक्षा ३३ टक्के जास्त होती. चक्कर, डोकेदुखी, अशक्तपणा म्हणून घरी पाठवलं जातं. आपल्याकडे त्यात ‘टेन्शन घेतलं असेल’ हे जोडा.

एक आकडा मला फार खुपतो. मुंबईत २००५-०६ मध्ये वस्तीत घरोघरच्या माणसांचा माग ठेवून पाहणी झाली होती. पहिल्यांदाच झटका आलेले ४५६ जण मिळाले. २३८ पुरुष, २१८ बायका. जवळजवळ बरोबरी. पुढे भारतातल्या पाच मोठ्या केंद्रांनी दाखल झालेल्या २,०६६ रुग्णांची नोंद केली, तर त्यात पुरुष ६७ टक्के. तरुण वयात पुरुषांना झटका जास्त येतो, हे त्याचं एक कारण आहेच. तरी एवढी दरी वयाने भरून निघेल असं मला वाटत नाही. काही बायका त्या केंद्रांपर्यंत आणल्याच गेल्या नसाव्यात.

वयाचा मुद्दा मात्र खरा आहे, तो लपवत नाही. मुंबईच्या त्याच पाहणीत बायका पुरुषांपेक्षा सरासरी पाचएक वर्षांनी मोठ्या होत्या. वय वाढतं तसे हृदयाचे ठोके अनियमित होतात, हृदयात गुठळी होऊन वर जाते, मोठी रक्तवाहिनी अडते आणि झटका जबर बसतो. आधीच गुडघे गेलेले, रक्त कमी. अशा आईची शेजारच्या साठीच्या काकांशी तुलना करू नका.

यानंतरचं मी रोज पाहते. काका आजारी असले की काकू वही घेऊन बसतात, “किती वेळा, मॅडम? दहा की पंधरा?” माझ्यामागे तीनदा व्यायाम करून घेतात. काकू आजारी असल्या की काका उंबऱ्यात उभे राहतात. प्रेम नसतं असं मुळीच नाही, डोळे भरलेले असतात. पण बायकोचा खांदा धरून हात वर न्यायचा, तिला संडासात बसवायचं, हे कधी केलेलंच नसतं. सून शेतात किंवा कंपनीत. आणि काकू स्वतः म्हणतात, माझ्यासाठी पोरीची रजा नको.

बरं होणं मोजायची एक मोजपट्टी आहे, शून्य ते सहा. आकडा जितका कमी तितकं चांगलं. आधीची सगळी नेहमीची कामं जमली तर चांगली पायरी, न जमली तर त्याहून वाईट. निवृत्त काकांची नेहमीची कामं पेपर, फेरफटका आणि बँक. काकूंची भाकरी, धुणं, पाणी, नातीची वेणी. उजव्या हाताची बोटं दोघांचीही तेवढीच कच्ची असली, तरी काका पास होतात. भाकरी थापायला जी बोटं लागतात, ती सगळ्यात उशिरा परत येतात. परातीसमोर बसून पीठ मळता येईना म्हणून रडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. झटक्यानंतरचं नैराश्यही बायकांत जास्त दिसतं, आणि त्याला औषध आहे, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

ज्या मुलीने परवा पुन्हा हा प्रश्न विचारला, तिच्याकडे मी वडिलांना आत बोलावून घेतलं. त्यांचा हात काकूंच्या, म्हणजे तिच्या आईच्या, दंडाखाली ठेवून धरायचं कसं ते दाखवलं. काल गेले तर सकाळचा चहा त्यांनीच केला होता, साखर जास्त. चहा उकळेपर्यंत काकू खुर्चीतून दहा वेळा उठून बसल्या होत्या. आकडा त्यांनी स्वतः सांगितला, जीभ जड होती तरी.