१४० वाले कुठं घातले?

संख्याशास्त्राच्या परिषदेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता मी माझ्या संशोधनाच्या पोस्टरशेजारी उभी होते आणि पोस्टरकडे कुणी बघत नव्हतं. पोस्टरचा हॉल चहाच्या टेबलांना लागून. लोक कप घेऊन यायचे, शीर्षकाची पहिली ओळ वाचायचे, मान डोलवायचे आणि बिस्किटांकडे वळायचे. मला त्याचं फार वाईट वाटत नव्हतं. सतरा वर्षं खराडीतल्या एका कंपनीत औषधांच्या चाचण्यांचा डेटा तपासतेय. आमचं काम कुणी हौसेनं वाचत नाही. चूक असल्याचा संशय आला तरच वाचतात.

सकाळ तशी छान गेली होती. विद्यापीठ चौकात अर्धा तास गेला तो सोडून द्या, पुण्यात परिषद म्हटली की तो नोंदणी फीतच धरायचा. देशभरातून आलेले संख्याशास्त्रज्ञ, सहा हॉलमध्ये एकाच वेळी सत्रं. एकीकडे कर्करोगाच्या चाचण्या, भिंतीपलीकडे शेअर बाजार, त्याच्या पलीकडे पावसाचा अंदाज. एक ऐकायचं तर पाच सोडायची. विद्यार्थ्यांनी हा प्रश्न सोडवला होता: ते सगळे नोकरीच्या स्टॉलवर होते.

सर्वात जास्त गर्दी पी-व्हॅल्यूच्या सत्राला. माणसं पायऱ्यांवर बसलेली. पी-व्हॅल्यू म्हणजे, खरा परिणाम काहीच नसताना नुसत्या योगायोगानं असा किंवा याहून ठळक आकडा येण्याची शक्यता. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं २०१६ मध्ये या विषयावर अधिकृत निवेदन काढलं, त्यातली सहा तत्त्वं पडद्यावर होती. पी-व्हॅल्यू म्हणजे गृहीतक खरं असण्याची शक्यता नव्हे, आणि ती अमुक रेषेच्या (सहसा ०.०५ च्या) खाली आली एवढ्यावरून कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका, हा त्यातला गाभा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मागून एका मुलीनं विचारलं, "सर, मग परीक्षेत काय लिहायचं?" हॉल हसला, पण प्रश्न अगदी बरोबर होता. आमच्या ऑफिसात आजही ०.०४९ आलं की पेढे येतात आणि ०.०५१ आलं की मीटिंग लागते.

माझ्या डोक्यात मात्र त्याआधीचं व्याख्यान बसलं होतं, सुखात्मे आणि महालनोबिस या दोन संख्याशास्त्रज्ञांच्या वादावरचं. महालनोबिस म्हणजे कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभी करणारे. पां. वा. सुखात्मे म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, १९११ चा जन्म, फर्ग्युसनचे विद्यार्थी. पुढे रोममध्ये एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या, सांख्यिकी विभागाचे संचालक झाले आणि निवृत्तीनंतर पुण्यातच राहिले. त्यामुळे हॉल कुणाच्या बाजूचा होता ते सांगायला नको. वाद चाळीसच्या दशकातला. शेतात पीक किती आलं हे मोजायचं, तर शेताचा एक तुकडा कापून त्याचं धान्य तोलायचं. तुकडा केवढा घ्यायचा? महालनोबिस म्हणत, छोटा घ्या. काम स्वस्तात आणि झटपट होतं, म्हणून पुष्कळ ठिकाणी घेता येतो. दोन-चार फूट त्रिज्येची वर्तुळं कापत ते. सुखात्म्यांचं म्हणणं, छोट्या तुकड्यात उत्पन्न फुगून येतं. १९४६ साली त्यांनी हे 'नेचर'मध्ये मांडलं.

का फुगतं, हे सांगायला वक्त्यांनी खिशातून सुतळी काढली आणि स्टेजच्या गालिच्यावर दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ मांडलं. स्वागताला मिळालेला पुष्पगुच्छ सोडवून त्यातला एकेक जरबेरा बरोबर सुतळीवर ठेवत गेले. प्रत्येक वेळी प्रश्न एकच, "हे आत की बाहेर?" सगळा हॉल ओरडला, "आत!" दुसऱ्या फुलाला "आत!" तिसऱ्याला "आत!" चौथ्यापर्यंत लोक स्वतःलाच हसायला लागले.

"या वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस फूट," ते म्हणाले, "आणि कडाही साडेबारा फूट. म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट भानगड." उलट सुखात्म्यांचा तुकडा चांगला एकराचा ऐंशीवा भाग, ३३ फूट बाय साडेसोळा. क्षेत्रफळ ५४४ चौरस फूट, कडा ९९ फूट. दर चौरस फुटामागे भानगड जेमतेम दोन इंच. कडेवरचं रोप आत ओढायची माणसाची खोड दोन्हीकडे सारखीच, पण मोठ्या तुकड्यात ती आकड्यात दिसत नाही. आणि शेतकरी शेजारी उभा असताना भरलेलं कणीस बाहेर ठेवायला हात धजत नाही, हेही ते बोलले.

महालनोबिसांवर अन्याय नको म्हणून लिहिते: मोजणाऱ्याच्या हाताची चूक पकडण्यासाठी एकाच भागात मोजणाऱ्यांची दोन वेगवेगळी पथकं पाठवून त्यांचे आकडे ताडून बघायची युक्ती त्यांचीच. पुण्यातल्या श्रोत्यांनी तिला टाळ्या जरा कमी दिल्या.

तर पोस्टर. पुरंदर तालुक्यात एक संस्था तीन गावांत रक्तदाबाची शिबिरं घेते, तिच्यासाठी मी रविवारी फुकट आकडेमोड करते. पहिल्या शिबिराला आलेले पुष्कळ लोक दुसऱ्याला येत नाहीत, मग त्यांचे आकडे गहाळ. त्यावर मी मल्टिपल इम्प्युटेशन वापरलं होतं. डोनाल्ड रूबिन यांनी मांडलेली ही पद्धत म्हणजे शाळेतलं 'गाळलेल्या जागा भरा'च, फक्त एकदा भरून थांबायचं नाही. वीस वेळा वेगवेगळं भरायचं आणि वीस उत्तरांत किती फरक पडतो त्यावरून आपल्याला किती कमी कळलंय ते ठरवायचं. पोस्टरचा अर्धा भाग त्यानंच व्यापलेला. खाली निष्कर्ष, ठळक अक्षरांत: तिसऱ्या गावात उच्च रक्तदाबाचं प्रमाण सर्वात कमी. कारणांचीही चर्चा होती. चढणीवरचं गाव, लोक चालतात वगैरे. ते मीच लिहिलं होतं, आणि छान लिहिलं होतं.

एक सत्तरीचे गृहस्थ आले. बिनबाह्यांचा स्वेटर, गळ्यातल्या बिल्ल्यावर नावाखाली 'निवृत्त अन्वेषक'. हातात चहा नव्हता. शीर्षकाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. खिशातून दुसरा चष्मा काढला आणि सरळ उजवीकडच्या खालच्या कोपऱ्याशी वाकले. तिथं तीन गावांच्या वरच्या रक्तदाबाचे तीन छोटे आलेख होते, जागा उरली म्हणून टाकलेले.

"मॅडम, हा कंगवा कसला ओ?"

मी वाकले. पहिल्या दोन गावांचे आलेख टेकडीसारखे, जरा खडबडीत. तिसऱ्याचा खरोखर कंगवा. एक उंच दात, मग मोकळी जागा, मग बारके दात, पुन्हा उंच दात. १२०, १३०, १४०, १५०.

"गट बारीक पाडलेत सर, म्हणून तसं दिसतं."

"मग बाकी दोन गावांत का नाही दिसत?"

उत्तर नव्हतं.

"मशीन कुठलं होतं?"

"डिजिटल. तिन्हीकडे."

"डिजिटलला विषम आकडे येत नाहीत होय?"

मी फोनवर फाइल उघडली. तिसरं गाव. १४०, १३०, १३८, १४०, १५०, १२०, १४०. वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवत गेले. एक १३७ नाही, एक १४१ नाही. सगळे सम, आणि निम्म्याहून जास्त शून्यावर संपणारे.

"पाऱ्याचं यंत्र असणार," ते म्हणाले. "त्याच्या पट्टीवर रेघा दोन-दोनच्या असतात. विषम आकडा वाचताच येत नाही. आणि रांग लागली की सिस्टर दोनची रेघ कशाला बघतेय, जवळचं शून्य लिहून मोकळी."

मी आवाज खाली आणून विचारलं, "की घरी बसून खोटं भरलंय?"

"न्हाई, न्हाई," ते एकदम म्हणाले. "घरी बसून भरणारा हुशार असतो. तो शून्य टाळतो. मुद्दाम एक ३ टाकंल, एक ७ टाकंल, म्हणजे खरं वाटावं. एवढी शून्यं आली म्हणजे माणूस तिथं होता, पण घाईत होता."

हे वाक्य मी तिथल्या तिथे पेननं बिल्ल्याच्या मागे लिहून घेतलं.

मग ते खुलले. सगळी नोकरी नमुना पाहणीच्या फिल्डवर गेलेली. वयाचं उदाहरण दिलं. गावात वय विचारलं की उत्तर येतं, असंल चाळीस-पंचेचाळीस. म्हणून वय विचारायचंच नाही. "बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला जात होता का आईच्या कडेवर होता?" असं विचारायचं. इकडं पुण्याकडं पानशेत फुटलं ते, १९६१. कराड-पाटणकडं कोयनेचा भूकंप, १९६७. त्यावरून मागं-पुढं मोजत यायचं. जनगणनेच्या वयांत ० आणि ५ ची गर्दी किती हे मोजायला व्हिपल निर्देशांक असतो, तो मी परीक्षेसाठी पाठ केला होता: २३ ते ६२ वयाची माणसं घ्यायची, गर्दी नसेल तर १००, सगळेच ० किंवा ५ वर असतील तर ५००. तो काढायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. या माणसानं तो कमी करण्यात आयुष्य घालवलं होतं.

मी त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले आणि पुन्हा आलेखाशी वाकले.

"१४० वाले कुठं घातले?"

"उच्च रक्तदाबात. १४० आणि त्याहून जास्त, अशीच व्याख्या आहे." पोस्टरवर तसं छापलंही होतं. मी बोट ठेवून दाखवलं.

"नक्की?" त्यांनी त्यांचं बोट कंगव्यावर ठेवलं. "सगळ्यात उंच दात १४० वरच आहे बघा. ते आत धरले असतील, तर हे गाव सगळ्यात खाली कसं?"

सकाळची सुतळी आठवली. पोटात खड्डा पडला म्हणतात तो मला त्या क्षणी पोटातच नेमका कुठे पडतो तेही कळलं. मी त्यांना "दोन मिनिटं हं काका" म्हटलं (सरचे काका कधी झाले ते कळलं नाही), लॅपटॉप काढला आणि हॉलबाहेरच्या पायरीवर बसले. कोडमध्ये ओळ होती: वरचा रक्तदाब १४० पेक्षा जास्त असेल तर १, नाहीतर ०. पेक्षा जास्त. बरोबरचं चिन्ह राहून गेलेलं. पहिल्या दोन गावांत नेमके १४० वाले मोजकेच, त्यामुळे काही बिघडलं नव्हतं. तिसऱ्या गावात मी सगळ्यात मोठा ढीग उचलून बाहेर ठेवला होता. चिन्ह घालून पुन्हा चालवलं. सर्वात कमी असलेलं गाव सर्वात जास्त झालं.

चढण तीच होती. लोकही तेवढंच चालत होते.

बरं, हेही उत्तर खरं नव्हे. १३६, १३८ वाल्यांना घाईत १४० लिहिलं असेल, तर आता ते सगळे आजारी ठरले. आणि १४२, १४४ वाल्यांनाही १४० लिहिलं असेल, तर जुन्या हिशेबात त्यांनाच मी निरोगी ठरवलं होतं. म्हणजे त्या गावाचं प्रमाण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी, आणि टोकं एकमेकांपासून चांगली लांब. वीसवेळा भरलेल्या गाळलेल्या जागांनी जी अनिश्चितता काढली होती, ती यापुढे चिल्लर होती. जे आकडे नव्हते त्यांची मी महिनाभर काळजी केली. जे होते त्यांच्याकडे बघितलंच नाही.

आत आले तेव्हा काका दुसऱ्या एका पोस्टरशी वाकले होते आणि तिथला मुलगा काहीतरी जोरजोरात समजावत होता. मला त्याची दया आली. काकांना सांगितलं, चिन्ह चुकलं होतं. ते "हां" म्हणाले, एवढंच. त्यांची नोंदणी एका दिवसाचीच होती, चारच्या गाडीनं ते बार्शीला परत जाणार होते.

रात्री टीममधल्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "मॅम, पोस्टर काढून टाका, कोणाला कळणार?" मी ते काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंसेवक मुलीकडून चिकटपट्टी मागितली आणि निष्कर्षावर वहीचा कागद चिकटवला: 'हा निष्कर्ष चुकीचा आहे. कारण उजवीकडचा कंगवा.' त्या दिवशी पोस्टरपुढे गर्दी झाली. परीक्षकांपैकी एक बाई पंधरा मिनिटं थांबल्या. 'चुकीचा' हा शब्द बघून माणसं कशी धावत येतात.

शिबिराच्या समन्वयक ताईंचा फोन समारोपाच्या वेळी लागला. मशीनबद्दल विचारलं तर त्यांना सगळं आठवत होतं.

"हो ना मॅडम, त्या गावात शिबिर सुरू व्हायच्या आधीच सेल संपले. दुकानात मिळाले नाहीत. मग सिस्टर स्वतःचं पाऱ्याचं घेऊन आल्या उपकेंद्रातून. रांग ही एवढी! दुपारी जेवल्यासुद्धा नाहीत."

"मग फॉर्मवर लिहिलं का नाही कुणी?"

"रकानाच नव्हता ना मॅडम."

नव्हताच. फॉर्म मी केला होता, घरी बसून, एका रविवारी.