गुडघ्याचं ऑपरेशन तूर्तास नाही

ठाण्याच्या नौपाड्यात गुडघा दुखतोय असं कुणाला सांगून बघा, समोरून एका तेलाचं नाव आलंच म्हणून समजा. पाठोपाठ आंबट सोडा, डाळी सोडा, युरिक ॲसिड तपासून घ्या. उजवा गुडघा घेऊन मी गेल्या वर्षी या सगळ्यातून गेले. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. चढणं कसंबसं जमायचं, उतरताना मात्र कठडा धरून आडवं आडवं. मांडी घालून पूजेला बसलं की उठायला कुणाचा तरी हात लागायचा.

पहिल्या डॉक्टरांनी टेबलावर झोपवून काढलेला एक्स-रे बघितला. ‘गॅप कमी झालीय, दोन्ही गुडघे बदलून टाकू’ म्हणाले, आणि बाहेरच्या मुलीने पॅकेजचा कागद हातात दिला. डावा गुडघा दुखतही नव्हता. उजव्याला कुणी हात लावून पाहिलं नव्हतं.

मग नणंदेने सुचवलेल्या दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जुना एक्स-रे बाजूला ठेवला आणि उभं राहून नवा काढून आणायला सांगितलं. झोपल्यावर गुडघ्यावर वजन नसतं, त्यामुळे दोन हाडांमधली फट आहे त्यापेक्षा बरी दिसते. खरी झीज उभं राहिल्यावर कळते. नवा एक्स-रे अर्थातच पहिल्यापेक्षा वाईट निघाला. आतल्या बाजूची फट बरीच बुजलेली, कडेला हाडाची टोकं वाढलेली. झिजेच्या चार पायऱ्या धरतात, त्यातली माझी तिसरी. आणि हे बघूनही ते म्हणाले, ऑपरेशन आत्ता नको.

मला आधी पटेना. चित्र जास्त वाईट आणि उपचार कमी, हा कुठला हिशेब? त्यांनी कागदावर गुडघा काढून समजावलं. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती झिजली की त्वचेसारखी भरून येत नाही. पण तिला वेदना पोचवणाऱ्या नसाही नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते खालचं हाड, सांध्याचं सुजलेलं अस्तर, ताणलेले स्नायू आणि बंध. म्हणूनच एक्स-रे भयानक असलेली माणसं तलावपाळीला रोज फेऱ्या मारताना दिसतात आणि थोडीशीच झीज असलेली घरात बसून असतात.

मग त्यांनी खिशातून शिंप्याची असते तशी टेप काढली आणि गुडघ्याच्या वर ठरावीक अंतरावर दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी चांगलीच बारीक भरली. दुखतं म्हणून तो पाय मी वाचवत होते, त्यामुळे मांडीचा स्नायू सुकला होता आणि त्याने उचलायचा भार सांध्यावर येत होता. रक्ताच्या तपासण्या मात्र त्यांनी लिहिल्याच नाहीत. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत सुटत असेल, बोटांचे सांधे सुजत नसतील, गुडघा लाल आणि गरम होत नसेल, तर संधिवात किंवा युरिक ॲसिडच्या मागे लागायचं कारण नाही, असं त्यांचं म्हणणं. डाळी परत सुरू झाल्या, घरात आनंदीआनंद.

फिजिओ घंटाळीजवळ मिळाली, वयाने माझ्या मुलीएवढी आणि अतिशय कडक. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची आणि मांडी आवळून धरायची. मग आडवं पडून एक पाय वाकवायचा आणि दुसरा सरळ ठेवून वर उचलायचा. पुढे हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं. सुरुवातीला व्यायाम करताना दुखायचंच. तिचा नियम असा की दुखणं सोसण्याइतकं असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पदावर येत असेल, तर थांबायचं नाही. फरक पडायला दीड-दोन महिने लागतील हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं, तेवढे लागलेच. जिन्याचं सूत्रही तिचंच: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. काठी घ्यायची झाली तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. सिनेमात कधीकधी उलट दाखवतात.

वजनाचं बोलणं मला आवडत नाही, तरी सांगते. एक किलो कमी झालं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. हे कळल्यावर दुपारची भाकरी अर्धी झाली.

औषधात डायक्लोफेनॅकचं मलम, तेही नियमाने लावायचं. मला बीपी असल्यामुळे पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या रोज नकोत असं डॉक्टरांनी बजावलं. किडनी आणि पोट, दोन्हीला त्रास. सांध्यात देतात त्या वंगणाच्या इंजेक्शनबद्दल मी विचारलं, कारण ते घेतलेली एक तरी मैत्रीण प्रत्येकीला असते. काहींना थोडे दिवस बरं वाटतं, पण खर्चाच्या मानाने भरवसा देता येत नाही, असं उत्तर मिळालं. स्टेरॉइडचं इंजेक्शन सूज फार असेल तर काही आठवडे आराम देतं, पण ते वरचेवर घ्यायचं नसतं. तेलाने मालिश खुशाल करा, कूर्चा मात्र त्याने उगवत नाही.

ऑपरेशन वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांधा बदलून घेतला आणि आता एकट्या जांभळी नाक्यावरून भाजी आणतात. पण त्यांना रात्रीची झोप नव्हती आणि पाय पार वाकडे झाले होते. ज्यांच्यावर ती वेळ येईल त्यांनी एक लक्षात ठेवावं: ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत तेव्हा दीड लाखाच्या वरून 54,720 रुपये अधिक जीएसटी इतकी खाली आली. पुढे आकडे बदलले, म्हणून आजचा दर विचारा आणि बिलात इम्प्लांट वेगळा लिहून मागा. खोली, भूल, सर्जनची फी हे सगळं त्या मर्यादेबाहेर असतं.

आता मी तिसरा मजला सरळ तोंडाने उतरते. जमिनीवर बसणं सोडलंय, पूजाही खुर्चीवर बसून. मुलाचं म्हणणं होतं, एवढा फरक पडलाय तर परत एक्स-रे काढून बघू या. डॉक्टर हसले. म्हणाले, तो तसाच येईल, पैसे कशाला घालवता, त्यापेक्षा मांडी मोजू.