धुळ्याहून सप्तशृंगी गड: चैत्रातली पायी वारी

रामनवमीला गडावर चैत्रोत्सव सुरू होतो आणि पौर्णिमेपर्यंत धुळे, जळगाव, नंदुरबारकडची माणसं पायी गडाकडे निघालेली असतात. धुळ्याहून आम्ही जातो ती वाट मालेगाव, सौंदाणे, देवळा, कळवण, नांदुरी अशी. अंतर साधारण दीडशे किलोमीटर. त्यातली शेवटची दहा किलोमीटर घाटाची आणि त्यावर पाचशेच्या आसपास पायऱ्या. वारी अर्धवट सुटते ती बहुतेक वेळा याच शेवटच्या टप्प्यात. कारण मात्र पहिल्या दोन दिवसांत, सपाट डांबरी रस्त्यावर घडलेलं असतं.

चैत्रातलं खानदेशी ऊन चाळिशीला टेकतं, म्हणून चाल रात्रीची. दशमीच्या संध्याकाळी निघून रोज पस्तीसएक किलोमीटर पडलं की चतुर्दशीच्या सकाळी नांदुरी येते. संध्याकाळी पाच ते दहा, मग चार-पाच तास झोप, पहाटे तीन ते आठ पुन्हा चाल, आणि दुपार पूर्णपणे सावलीत. चांदण्याचा हिशोबही ठेवावा. दशमीचा चंद्र पहाटेच्या चालीआधीच मावळतो, त्यामुळे पहिली पहाट मिट्ट काळोखाची असते. पुढे तो रोज उशिरा मावळतो आणि शेवटच्या पहाटे चांगला उजेड मिळतो. पहिल्या रात्री धुळे–मालेगाव हा महामार्ग, त्यावर ट्रक सुसाट. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने, एका रांगेत चालायचं. पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या पाठीला चमकणारी पट्टी आणि हातात बॅटरी हवीच. ध्वज धरणारा पुढे असतो, पण दिंडीचा वेग ठरवायचा तो सगळ्यात मागच्या माणसाने. ताशी चार किलोमीटर पुष्कळ झाले. डीजेच्या तालावर नाचत जाणारी मंडळी पहिल्या रात्रीच पिंढऱ्यांचं वाटोळं करून घेतात. तो आवाज देवीच्या वाटेवर नसावा असं मला मनापासून वाटतं.

पायांना फोड येतात ते घामाने भिजलेली कातडी मोज्याला घासून. नवे बूट कधीही नकोत, निदान महिनाभर वापरलेले हवेत आणि अर्धा नंबर मोठे, कारण चालून पाय सुजतात. दर तासाला दहा मिनिटं थांबून बूट-मोजे काढायचे, पाय वाळवायचे, मोजे बदलायचे. एखादी जागा चुरचुरायला लागली की लगेच चिकटपट्टी लावावी. फोड आल्यावर लावलेल्या पट्टीचा फारसा उपयोग नसतो. फोड फोडावाच लागला तर सुई उकळत्या पाण्यातून काढून कडेला टोचावी आणि वरची कातडी तशीच ठेवावी. फोडातून दोरा ओवून ठेवायची जुनी पद्धत आहे, पण त्या दोऱ्यानेच पू होतो. मांड्यांना निघतानाच खोबरेल तेल चोळून ठेवावं. अनवाणीचा नवस असेल त्यांनी सकाळी आठनंतर डांबरावर पाय ठेवू नये, तळवे भाजतात.

नुसतं पाणी ढोसून भागत नाही. घामातून मीठ जातं, मग पोटऱ्यांत गोळे येतात आणि डोकं जड होतं. लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडं थोडं पीत राहावं. वाटेत गावोगावी लोक हात धरून जेवायला बसवतात, ताक-सरबत पाजतात. या माणसांच्या जिवावरच ही वारी चालते. त्यांना नाही म्हणू नये, पण चालीआधी वरण-भात घासभरच घ्यावा, बुंदी-जिलेबी पुढच्या मुक्कामाला ठेवावी आणि बर्फ घातलेलं काहीही टाळावं. जुलाब लागले की चाल तिथेच थांबते.

नांदुरीला सकाळी पोचल्यावर गड समोर दिसतो आणि कुणालाच धीर धरवत नाही. तिथेच दिवसभर थांबावं. यात्रेत खाजगी गाड्या नांदुरीलाच अडवतात, वर एसटीच्या बस जातात, म्हणजे ज्याचे पाय गेले त्याचीही सोय आहे. पायी जाणाऱ्याने ऊन उतरल्यावर निघावं. जुनी रडतोंडीची पायवाट जवळची, पण उभ्या चढाची आणि निसरड्या दगडांची. अंधारात किंवा थकल्या पायांनी ती नको. घाटरस्ता लांब असला तरी पावलाला सोपा.

गडावरच्या पायऱ्यांसाठी मराठेशाहीतल्या सेनापती उमाबाई दाभाड्यांचं नाव आजही घेतलं जातं. पहिल्या पायरीला नमस्कार करून लोक चढायला लागतात. गर्दीत रांग पायऱ्यांवरच तासन्‌तास तटते, म्हणून पाणी आणि औषधं बरोबर ठेवावीत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी २०१८पासून फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे उभ्या चढावर रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी, आहे. तिने गेलं म्हणून दर्शन उणं होत नाही.

साडेतीन पीठांतलं हे अर्धं पीठ. कड्यातच घडलेली, सुमारे आठ फुटांची अठरा हातांची मूर्ती, मान किंचित कललेली. समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषींचा पाठ ती ऐकते अशी श्रद्धा. २०२२ साली शेंदराचा जाड थर उतरवल्यापासून मूळ रूप दिसतं. आधी दर्शन घेतलेल्यांनी पुन्हा एकदा यावं असं हे रूप आहे. देवीला अकरा वार साडी आणि चोळीला तीन खण लागतात, बाजारातली नेहमीची साडी पुरत नाही.

चतुर्दशीच्या रात्री दरेगावचे गवळी-पाटील शिखरावर ध्वज लावतात. त्या सुळक्यावर जायला धड वाट नाही, म्हणून कुणी मागे जाऊ नये. खालून ध्वज पाहायला पौर्णिमेची पहाट उत्तम. डोंगराभोवतीची मोठी प्रदक्षिणा करायची तर ती त्याच सकाळी, उन्हाआधी. कड्याखालून दगड सुटतात, तेव्हा कड्याला टेकून विसावू नये.

परतताना बसनेच उतरावं. चढाने दुखलेले गुडघे उताराला जास्त बोलतात आणि बुटाच्या टोकाला आपटून अंगठ्याची नखं काळी पडतात. पौर्णिमेच्या दुपारी नांदुरीच्या बसला सगळ्यात मोठी रांग असते. सकाळी दहाच्या आत किंवा मग रात्री आठनंतर निघावं.