नोंद ६: किक थांबत नाही, आवाज चढवायचा नाही

दीड महिन्यानं लिहितोय. मागच्या नोंदीत सांगितलं होतं की तिसऱ्या ट्रॅकचे ड्रम्स बसले, पण त्यावर माझा आवाज काही केल्या बसत नाही. सतरा टेक, म्हणजे रेकॉर्डिंगचे प्रयत्न, झाले होते आणि सतराच्या सतरा पुसले होते. आता तो ट्रॅक उभा राहिलाय. कसा ते सविस्तर लिहितो, कारण नाचायच्या बीटवर मराठीत स्वतःबद्दल काही खरं बोलू बघणाऱ्या प्रत्येकाची गाडी कधी ना कधी इथंच अडकते.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. सहा ट्रॅकचा मराठी रॅप ईपी, म्हणजे छोटा अल्बम, करतोय, इचलकरंजीत, घरातल्या मागच्या खोलीत. एफएल स्टुडिओ हे संगीत करायचं सॉफ्टवेअर, माइक कॉम्प्युटरला जोडायचा दोन इनपुटचा इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि भिंतीला उभी केलेली कापसाची गादी. शिकायला समोर एकच अल्बम ठेवलाय, अमेरिकन रॅपर विन्स स्टेपल्सचा ‘बिग फिश थिअरी’. त्याच्या बीट्स एकेक करून कानानं उलगडायच्या, घरी पुन्हा बांधायच्या, आणि हात बसला की ते सगळं बाजूला ठेवून स्वतःचं करायचं, असा नेम आहे.

हाच अल्बम का, हे आधीच्या नोंदींत तुकड्यातुकड्यानं आलंय. एकदा नीट सांगतो. २३ जून २०१७ ला तो आला तेव्हा विन्स २३ वर्षांचा होता, नॉर्थ लाँग बीचमध्ये वाढलेला. त्याआधीचा, २०१५ चा ‘समरटाइम ०६’ दोन भागांचा, वीस ट्रॅकांचा, काळोखा आणि जड. त्यानंतर हा १२ ट्रॅकांचा, जेमतेम ३६ मिनिटांचा अल्बम, आणि त्यात हाऊस, डेट्रॉइट टेक्नो, लंडनचं गराज, सगळं क्लबात नाचायचं संगीत! पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो पार्टीचा वाटला. हेडफोन लावून दुसऱ्यांदा ऐकला तेव्हा कळलं की पायाखाली पार्टी चालू आहे आणि डोक्यात भलतंच. गोल्डफिश टाकीएवढाच वाढतो असं लोक म्हणतात, त्यावरून हे नाव. प्रसिद्ध झालेला रॅपर काचेच्या आत, बाहेरून बघणारे आपण. तिसऱ्या ट्रॅकमध्ये गायिका एमी वाइनहाऊसच्या मुलाखतीतला आवाज येतो. ती २०११ मध्ये, २७ व्या वर्षी गेली हे आठवत असेल तर तो ट्रॅक ऐकताना हातातलं काम थांबतं. तो संपताना द टेम्प्टेशन्सच्या जुन्या गाण्याचा तुकडा येतो, पाऊस पडावा असं म्हणणारा, १९६७ सालच्या डेट्रॉइटमधला. आणि दहाव्या ट्रॅकवर विन्स लोकांना नाचायला बोलावतो, तेही मला सगळीकडं मरणच दिसतंय हे सांगत. बीट त्याच्यासाठी क्षणभरही हळू होत नाही. माझ्या मते अख्खा अल्बम या एका गोष्टीवर उभा आहे.

एका मित्रानं विचारलं होतं, रॅपवाल्यानं टेक्नो उसनं का घ्यावं? उसनं काय त्यात? हाऊस शिकागोच्या वेअरहाऊस क्लबातून आलं, तिथं फ्रँकी नकल्स रेकॉर्ड लावायचा, क्लबच्या नावावरूनच ‘हाऊस’ पडलं. डेट्रॉइट टेक्नो मोटारींच्या कारखान्यांच्या शहरालगत, बेलव्हिलमध्ये एकत्र शिकलेल्या हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन या तिघा पोरांचं. गराज हे नाव न्यूयॉर्कच्या पॅरडाइज गराज क्लबचं, तिथं लॅरी लेव्हन रेकॉर्ड लावायचा. लंडनच्या डीजेंनी नव्वदच्या दशकात त्याचा वेग वाढवला आणि किक, म्हणजे ड्रमचा खालचा जड ठोका, तोडली. सगळी काळ्या माणसांनी घडवलेली गाणी. खुद्द लॉस एंजेलिसमध्ये ऐंशीच्या दशकात रॅप ८०८ या ड्रम मशीनच्या जलद इलेक्ट्रोवरच चालायचा, रॅपर आणि निर्माता डॉ. ड्रे पहिल्यांदा ज्या ग्रुपमध्ये होता तो त्याच धाटणीचा. विन्स आपल्याच घराच्या मागच्या खोलीत गेला आणि तिथली पेटी उघडली, एवढंच.

आता माझ्या ट्रॅककडं. विन्सच्या पहिल्या ट्रॅकवरून मी टू-स्टेप, म्हणजे लंडनच्या गराजचा ठेका, शिकलो. हाऊसमध्ये किक चारही मात्रांवर पडते, धप धप धप धप. टू-स्टेपमध्ये ती पहिल्या मात्रेवर येते आणि पुढं जिथं अपेक्षा असते तिथं नसते, मग मधेच कुठंतरी अर्धी मात्रा आधी टपकते. स्नेअर, म्हणजे कडक ‘टाप’, दोन आणि चारवर जागच्या जागी. हाय-हॅट, म्हणजे झांजेचा बारीक ठोका, मात्र लंगडी हवी, म्हणजे प्रत्येक दुसरी सोळावी (मात्रेचा चौथा भाग) किंचित उशिरा. मी वेग १३० ठेवला. त्या वेगाला एक सोळावी साधारण ०.११५ सेकंदाची होते, तीत दहा-पंधरा मिलिसेकंद मागंपुढं केले तरी कंबर हलते की नाही ते ठरतं. आधी सगळं ग्रिडला चिकटवून ठेवलं होतं, मेलेलं वाटत होतं. स्विंगचं बटण फिरवूनही समाधान होईना.

इथं सोफीची आठवण झाली. ग्लासगोची ही निर्माती या अल्बमच्या दोन ट्रॅकांवर आहे, त्यातल्या एकावर ऑस्ट्रेलियन निर्माता फ्लूमसोबत, ज्यात रॅपर केंड्रिक लमारही येतो. सोफी तयार सॅम्पल उचलण्याऐवजी सिंथवर शून्यापासून आवाज घडवायची. पत्रा वाकल्यासारखा, रबर ताणल्यासारखा, बुडबुडा फुटल्यासारखा. २०२१ च्या जानेवारीत ती गेली. तिचं ऐकून मला वाटलं, आपण विकत घेतलेल्या पॅकमधला तोच तो स्नेअर कशाला वापरतोय, इथं गल्लीत रात्रंदिवस लोखंड वाजतंय.

वडील ३१ वर्षं यंत्रमागावर आहेत. आधी कामगार, आता जॉबर, म्हणजे बिघडलेला माग लावून देणारे. त्यांच्या कारखान्यात मालकांना विचारून मोबाइल घेऊन गेलो. पहिलं रेकॉर्डिंग पूर्ण फाटलं. फोनच्या मीटरवर ९८ डेसिबल दिसत होते, त्यात माइकचं काय होणार! दुसऱ्यांदा फोन दोन रुमालांत गुंडाळून, मागापासून आठ-दहा पावलं लांब, सुताच्या बाचक्यामागं ठेवला. तेव्हा आवाज नीट आला.

घरी येऊन वेव्हफॉर्म मोठा करून बघितला आणि रात्रीचे दोन वाजले तरी उठवेना. लांबून आपल्याला नुसतं खटक-खटक ऐकू येतं. जवळून प्रत्येक ठोक्यात तीन आवाज असतात. पिकर (मागाचा ढकलणारा तुकडा) धोट्याला, म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या तुकड्याला, मारतो तो कोरडा, लाकडी ‘टक’. मग धोटा पलीकडच्या पेटीत जाऊन आदळतो तो जाड ‘खट’. आणि फणी सूत ठोकते तो बसका ‘धम’, जवळजवळ किकच. शिवाय धोटा एकदा डावीकडून उजवीकडं जातो, एकदा उजवीकडून डावीकडं, आणि फोन एका बाजूला ठेवल्यामुळं एक ठोका जवळचा, एक लांबचा. लांबचा किंचित मऊ आणि केसभर उशिरा. मी जो लंगडेपणा बटणातून काढायला बघत होतो तो मागात आयता होता.

माझ्या मोजणीत तो माग मिनिटाला १५० च्या आसपास ठोके देत होता. सरळ ताणून १३० वर आणला तर ‘टक’ची धार गेली, ओल्या फडक्यासारखा आवाज यायला लागला. ज्यांना असं काही करायचंय त्यांनी लूप ताणायच्या भानगडीत पडू नये. एकेक ठोका कापा, वेगळा ठेवा आणि हातानं मांडा. मी ‘टक’ची हाय-हॅट केली, ‘खट’ स्नेअरखाली दाबून दिला आणि ‘धम’ला खालून साइन वेव्हचा, म्हणजे साध्या गोल सुराचा, आधार दिला. प्रत्येक ठोक्याच्या उशिराचं मूळ अंतर मोजून तेवढंच ठेवलं. त्यासाठी तीन रविवार गेले. बेस साधाच आहे, ५० हर्ट्झजवळ, किक आली की साइडचेननं, म्हणजे आपोआप आवाज खाली घेऊन, बाजूला होणारा.

ड्रम्स झाले. आणि मग ते सतरा टेक.

ट्रॅक वडिलांबद्दल आहे. लहानपणी ते घरी आले की मोठ्यानं बोलायचे, मीठ मागितलं तरी ओरडल्यासारखं. मी आणि ताई ताटाकडं बघत जेवायचो. ते रागावलेले नसायचे. डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं, हे मला बारावीत असताना कळलं. त्यावर लिहिलंय:

जेवताना पप्पा बोलले की वाटायचा राग,
आत्ता कळतंय, कानात त्यांच्या चालूच माग.

एवढ्या जोरकस बीटवर हे म्हणायचं म्हणून मी छाती फुगवून, घसा ताणून म्हणत होतो. प्रत्येक टेक भाषणासारखा होत होता. आवाज दाबून सारखा करणारा कॉम्प्रेसर लावला, दोन आवाज एकावर एक चढवले, घुमारा म्हणजे रिव्हर्ब वाढवला. जितका जोर लावला तितकं खोटं वाटायला लागलं. विन्सचं ऐकलं की त्रास व्हायचा, कारण तो तशाच धडधडत्या बीटवर अगदी सपाट बोलतो, भुवईही न हलवता, आणि तरी त्याचा शब्दन् शब्द पोचतो. हे त्याला जमतं कसं ते मला मिक्सिंगमध्ये सापडत नव्हतं.

सापडलं कारखान्यात. माग आणखी जवळून रेकॉर्ड करायला परत गेलो होतो. चाळीस माग चालू, मी वडिलांना काहीतरी विचारायला जिवाच्या आकांतानं ओरडलो. त्यांनी मान हलवली, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला जवळ ओढलं आणि कानाशी, नेहमीपेक्षाही हळू आवाजात म्हणाले, “वरडू नकोस. वरडलं की मागातच मिसळतंय ते. कानाजवळ यायचं आणि बारीक बोलायचं.” मला स्वच्छ ऐकू आलं. मग बघत राहिलो, तिथं कुणीच ओरडत नाही. लांबून हाताच्या खुणा, जवळ आलं की कानाशी हळू बोलणं.

घरी येऊन माइकपासून वीतभर अंतरावर होतो तो चार बोटांवर आलो. पॉप फिल्टर ओठाला टेकेल इतका जवळ. आवाज खाली आणला, गेन वाढवला. ईक्यूमध्ये, म्हणजे जाड-बारीक आवाज कमीजास्त करायच्या साधनात, १५० हर्ट्झच्या खालचा भाग कापला, कारण इतक्या जवळून बोललं की आवाज खालून फुगतो. बीटमधून ३ किलोहर्ट्झच्या आसपास थोडी जागा काढली, मागाचा ‘टक’ तिथंच बसला होता आणि माझी व्यंजनं खात होता. रिव्हर्ब पूर्ण बंद. तिसऱ्या टेकला झालं.

शब्दांचंही एक सांगायचंय, कारण यात माझे दोन आठवडे गेले. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळं यमक फुकट मिळतं, केलं-गेलं-नेलं-झालं. चार ओळींनंतर त्याचा वीट येतो. मी क्रियापद आधी घेऊन शेवटाला नाम किंवा दुसरा शब्द आणतो, आपण बोलताना घेतो तसं: “आलाय परत तोच वास”, “राहिलाय डबा, उघडा, तसाच”. दुसरं, कागदावर अक्षरं मोजून लिहू नका. ‘करतो’ कागदावर तीन अक्षरं, तोंडात ‘कर्तो’, दोनच. ‘बसवलेला’ म्हणताना ‘बसव्लेला’ होतो. टू-स्टेपमध्ये जिथं किक गळते ती रिकामी जागा फार मौल्यवान असते, तिथं एक जास्तीचं अक्षर गेलं तरी पूर्ण ओळ लंगडते. मी आता ओळ आधी टेबलावर बोटं वाजवत म्हणतो आणि मगच लिहून काढतो. जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या बायका हे कागदाशिवाय करत होत्या, दळता दळता, जात्याच्या फेऱ्यावर, आणि त्यांचा चौथा चरण आखूड पडतो तेव्हा ती मोकळी जागा ऐकू येते. माझ्या हुकची, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळींतली, चौथी ओळ मुद्दाम अर्धी सोडलीय. उरलेल्या अर्ध्यात फक्त फणीचा ‘धम’ आहे.

बाकीच्या ट्रॅकांची स्थिती: पहिला आणि दुसरा मिक्सला तयार. चौथा पूर्ण चार-मात्रांच्या किकचा, हाऊस, १२४ वर, त्यावर सध्या फक्त बेस आहे. पाचव्याचं लिखाण निम्मं झालंय, आईबद्दल आहे, सावकाश होऊ देत. सहावा अजून डोक्यातच.

परवा तिसरा ट्रॅक वडिलांना ऐकवला. हेडफोन उजव्या कानावर नीट बसवून दिला. ओळी ऐकताना ते खाली बघत होते, बोटं मांडीवर हलत होती. संपल्यावर हेडफोन काढला, थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हा तिसऱ्या रांगेतला माग नव्हं? पिकर घासलाय त्याचा, बदलायला पायजे.” मी हो म्हटलं. ते परत म्हणाले, “आणि मधले दोन ठोके गाळलायस तू. माग असा चालत न्हाई.”

“मुद्दाम गाळलेत पप्पा.”

“का?”

मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकलो आणि हळू सांगितलं की तिथं तुमचं नाव येतं.

त्यांनी हेडफोन परत मागितला.