ओट दूध, सोळावी बॅच: आयोडीनचा घोळ सुटला

मंडळी, चौदावी बॅच जमली असं मागच्या वेळी आनंदाने लिहिलं होतं. ते मागे घेते. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून बाटली काढली तर आत दुधाऐवजी खळ. बाटली उलटी धरली तरी गोळा जागचा हलेना. पंधराव्या बॅचचंही तेच झालं. कारण शनिवारी सापडलं, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

बर्फाचं पाणी, वीस सेकंद ब्लेंडर, न पिळता गाळणं, ही जुनी पद्धत थंड पिण्यासाठी मला आजही आवडते. पण ते दूध तापवलं की साठ अंशांच्या आसपास स्टार्च फुगतो आणि पातेल्यात पेज होते. बहिणीला लॅक्टोज पचत नाही आणि तिला दूध हवं असतं ते गरम कॉफीत. म्हणून तर एन्झाइमच्या मागे लागले. रोल्ड ओट्स वाफवलेले असतात, त्यामुळे त्यांच्यातली स्वतःची एन्झाइम्स निकामी झालेली असतात. स्टार्च तोडणारं अमायलेज हे एन्झाइम बाहेरूनच घालावं लागतं.

प्रमाण तेच ठेवलंय: १०० ग्रॅम ओट्स, १ लिटर पाणी. आधी शिजवून दाट पेज करायची, ७० अंशांवर उतरवायची, अल्फा-अमायलेज घालून ढवळत राहायचं. काही मिनिटांत डाव एकदम हलका लागतो. हाताला कळतं, पेज सुटली. सोळा वेळा केलंय आणि दर वेळी तितकाच आनंद होतो.

अडत होतं ते पुढे. पातळ झालं म्हणजे स्टार्च संपला असं नाही, म्हणून टिंक्चर आयोडीनची चाचणी: स्टार्च असेल तर रंग निळा होतो. नमुन्यातलं एन्झाइम पुढे काम करत राहू नये म्हणून मी चमचाभर दूध छोट्या वाटीत उकळायचे आणि उकळतं असतानाच त्यात दोन थेंब टाकायचे. रंग फिकट पिवळा. निळा नाही, म्हणजे स्टार्च संपला, असं समजून सगळ्या पातेल्याला उकळी द्यायचे. आणि सकाळी खळ.

महिनाभर मी भलत्याच गोष्टींवर संशय घेतला. पहिला थर्मामीटरवर. नेम धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त पृष्ठभाग मोजतो. वर ६५ आणि तळाशी ८० असं मला प्रत्यक्ष दिसलं. दांडीवाला प्रोब घेतला तेव्हा कुठे आकड्यांवर भरवसा बसला. या कामासाठी इन्फ्रारेड घेऊ नका, हे माझं ठाम मत. दुसरा संशय एन्झाइमच्या पुडीवर. पुडीवर सक्रियतेचं एकक नाही, आतलं अल्फा-अमायलेज आहे की दुसऱ्या प्रकारचं ग्लुको-अमायलेज तेही नाही. विक्रेत्याला दोनदा विचारलं, उत्तर नाही. हे मला खरंच खटकतं, कारण काही अल्फा-अमायलेज ८५-९० अंशांना निकामी होतात, तर काही त्या तापमानालाही तग धरतात. कुठलं आहे हे माहीत नसेल तर ते संपवायचं कसं?

पण दोष पुडीचा नव्हता. शनिवारी ती वाटी धुवायची राहिली. अर्ध्या तासाने पाहिली तर गर्द निळी-काळी! पुन्हा तापवली, रंग गेला. गार केली, परत आला. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच. स्टार्चमधल्या अमायलोजची साखळी मळसूत्रासारखी वळलेली असते आणि आयोडीन तिच्या पोकळीत शिरतं, म्हणून निळा रंग दिसतो. उष्णतेने ते वळण सैल होतं, आयोडीन सुटतं, रंग नाहीसा होतो. म्हणजे दर वेळी स्टार्च तिथेच होता आणि मी तो नाही असं धरून चालत होते. तर आयोडीन टाकायचं ते नमुना पूर्ण गार झाल्यावरच. (चाचणीचा नमुना टाकून द्यायचा, परत पातेल्यात नाही.)

सोळाव्या बॅचला वाटी बर्फावर ठेवून चाचणी घेतली. ५ मिनिटांनी निळा-काळा, १५ ला जांभळा, ३० ला तांबूस तपकिरी, ४५ ला पिवळा. मग उकळी, गाळणं, बाटली. आज तिसरा दिवस आहे आणि दूध धारेने पडतंय! तळाशी थोडा साका बसतो, हलवला की मिसळतो. उकळून पाहिलं, पेज नाही. साखर न घालता गोड लागतं, कारण स्टार्च तुटून त्यातून माल्टोज ही साखर तयार होते. ज्यांना रक्तातली साखर सांभाळायची आहे त्यांनी हा गोडवा हिशेबात धरावा.

गाळायला मलमलच बरी. नायलॉनच्या पिशवीतून बारीक कण निसटतात.

फायद्यांबद्दल काहींनी विचारलं होतं. लॅक्टोज नाही, कोलेस्टेरॉल नाही, हे आहेच. माझ्या दृष्टीने मोलाचं आहे ते बीटा-ग्लुकन, म्हणजे ओट्समधला विरघळणारा तंतू. त्याचे बंध वेगळे असल्यामुळे अमायलेज त्याला हात लावत नाही. कोलेस्टेरॉल कमी व्हायला त्याची मदत होते. दिवसाला ३ ग्रॅम हा आकडा धरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या वेष्टनावर तसा दावा छापायला परवानगी दिली. पण आपला हिशेब करा. ओट्समध्ये ते साधारण ४ टक्के, म्हणजे लिटरभर दुधामागे फार तर ४ ग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं चोथ्यात राहतं. एका पेल्यात १ ग्रॅमही येत नाही. म्हणून चोथा फेकू नका. घरच्या दुधात वरून घातलेलं कॅल्शियम आणि बी-१२ नसतं, आणि तान्ह्या बाळांसाठी तर हे दूध नाहीच.

आता पुढचं. खरं तर सतराव्या बॅचला पुडीऐवजी बार्लीचं माल्ट वापरणार होते. त्यात अमायलेज भरपूर असतं. पण बार्लीबरोबर ग्लुटेन येतं आणि ७० अंश त्यातल्या काही एन्झाइमांना जास्त होतात, म्हणून तो बेत रद्द. कॅल्शियमसाठी कॅल्शियम कार्बोनेट घालायचाही विचार होता. पण लिहिता लिहिताच दुसरं सुचलं. सोळावी बॅच मला जरा पाणचट वाटली, अंगाला दाटपणा नाही. पिवळ्या रंगापर्यंत जायची गरजच काय? तांबूस रंगावर थांबलं तर मध्यम लांबीचे डेक्स्ट्रिन (स्टार्चचे तुटलेले तुकडे) शिल्लक राहतील, तोंडात भरीवपणा येईल, आणि खळ धरण्याइतक्या लांब साखळ्या तर तुटलेल्या असतील. संशोधक रिकार्ड ओस्टे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या लुंड विद्यापीठात एन्झाइमने ओट दूध केलं, तेव्हा बीटा-ग्लुकन शाबूत ठेवून स्टार्च पातळ करणं हाच त्यातला गाभा होता. आपल्यालाही स्टार्च संपवायचा नाही, हवा तिथे थांबवायचा आहे.

कॉफीत फाटणं अजून सुटलेलं नाही. कमी भाजलेल्या, आंबटसर कॉफीत बारीक गुठळ्या येतात. आम्लाने ओट्समधली प्रथिनं साकळतात. बाजारातल्या बरिस्ता प्रकारात त्यासाठी डायपोटॅशियम फॉस्फेट हा आंबटपणा सांभाळणारा क्षार घालतात. चिमूटभर खाण्याच्या सोड्याने भागतं का ते पाहणार होते, पण आधी तांबूस रंग.

पातेलं आत्ता ६८ वर आहे. २० मिनिटं झाली, वाटी बर्फावर गार होतेय.